लाइट बिल ठरतं तेव्हा आपण कुठे असतो?

रूमवर लाइट बिल आलं की एकच चर्चा होते, गीझर कोणी चालू ठेवला? मग पाच जणांत भागाकार, मोबाइलवरून पैसे ट्रान्सफर, विषय संपला. पण युनिटचा दर मुळात ठरवतं कोण, हे तुम्ही कधी विचारलंय?

तो ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. महावितरण आपल्या खर्चाचा हिशेब मांडून दर मागते, आयोग तो तपासून किती मंजूर करायचा ते ठरवतो. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६१ त्याला एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळायला सांगतं. ग्राहकाचं हित जपायचं आणि विजेचा खर्चही वाजवी पद्धतीने वसूल होऊ द्यायचा.

वाचायला सोपं वाटतं, पण इथेच खरी कसरत आहे. दर कमी ठेवला तर आज सगळे खूश. पण तारा, ट्रान्सफॉर्मर बदलायला पैसा उरत नाही आणि मान्य झालेला पण वसूल न झालेला खर्च पुढे व्याजासकट बिलात येतो. म्हणजे आज घरच्यांचे वाचलेले पैसे उद्या तुम्ही तुमच्या पगारातून भरणार!

'मग कारखान्यांकडून जास्त घ्या ना,' असं म्हणाल. तेही होतंच. शेतीपंप आणि कमी वापराच्या घरांचा दर खाली ठेवण्यासाठी उद्योग, दुकानं जास्त दर भरतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. ती फार ताणली की मोठा ग्राहक छतावर सोलर लावतो, नाहीतर ओपन ॲक्सेसमधून दुसऱ्याकडून वीज घेतो. त्याने सोडलेला भार उरलेल्यांवर पडतो. काही उद्योग तर शेजारच्या राज्यातले दर बघू लागतात, आणि मग प्रश्न आपल्या नोकऱ्यांचा होतो.

हिशेब चुकला की काय होतं, ते दाभोळने दाखवलंय. एन्रॉनशी करार झाला तेव्हा हा आयोगच नव्हता. वीज घ्या अथवा नका घेऊ, ठरलेला आकार द्यायचाच, अशी त्यातली अट. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये वीज मंडळाने ती परवडत नाही म्हणून घेणं बंद केलं.

आज निदान विचारायची सोय आहे. कलम ६४ नुसार दराचा अर्ज जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाला १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्था तिथे आकडेवारी घेऊन उभ्या राहतात. पण हरकत घ्यायला संस्था किंवा वकील असावंच लागतं असं नाही. साधे प्रश्नही चालतात. गळती किती? थकबाकी कोणाची? महाग वीज का घेतली?

दरवाढीची नोटीस पेपरातच छापून येते, बारीक अक्षरात. पुढच्या वेळी ती दिसली तर पान उलटू नका. बिल तर भरायचंच आहे, पण त्याआधी एक पानभर हरकत लिहून पाठवा.