फेस जातो, थर राहतो

शाम्पूच्या बाटलीमागची बारीक अक्षरे सहसा कोणी वाचत नाही. वाचली, तर अनेक बाटल्यांवर ‘ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड’ असे लांबलचक नाव सापडेल. त्यातला ग्वार म्हणजे आपली गवारच. तिच्या बियांतल्या डिंकावर रासायनिक प्रक्रियेने धनभार चढवलेला असतो.

शाम्पूत मळ काढण्याचे काम सरफॅक्टंट करतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. सोडियम लॉरेथ सल्फेट हा नेहमीचा सरफॅक्टंट ऋणभारित असतो. मग विरुद्ध भाराचे हे दोघे एकमेकांना चिकटून बाटलीच्या तळाशी साका का बसत नाही? कारण सरफॅक्टंट तिथे भरपूर असतो. गवारीच्या पॉलिमरच्या लांब साखळीभोवती त्याचे इतके रेणू गोळा होतात, की तिचा धनभार झाकून वर ऋणभार उरतो. सगळ्या साखळ्या एकाच भाराच्या झाल्या, की त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि द्रावण एकजीव राहते.

गंमत घडते ती डोक्यावर पाणी ओतल्यावर. शाम्पू पातळ होतो, साखळीला चिकटलेले जादा सरफॅक्टंट सुटतात आणि दोन्ही भारांची फिट्टंफाट होते. ढकलणारे काही न उरल्याने साखळ्या एकत्र येऊन मऊ, पाणीदार थेंबांच्या रूपात वेगळ्या होतात. या थेंबांना कोअॅसर्व्हेट म्हणतात. विरघळलेला पदार्थ आणखी पाणी घातल्यावर बाहेर यावा, हे उलटेच! अमेरिकेत युनियन कार्बाइडमधील ई. डी. गॉडर्ड आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात अशा जोड्यांचा बारकाईने अभ्यास केला.

केसांवर ऋणभार असतो, ब्लीच केलेल्या केसांवर अधिकच. थेंब तिथे बसतात, सोबत सिलिकॉनही नेतात आणि विंचरताना गुंता कमी होतो. कोंड्याच्या शाम्पूत मात्र प्रश्न मऊपणाचा नसतो. झिंक पायरिथिऑनचे कण पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. टाळूवर राहिले तरच उपयोगाचे. धुण्यासाठीच्या वस्तूने औषध मागे ठेवायचे, ही अवघड कामगिरी या थेंबांची. म्हणूनच औषधाचे प्रमाण सारखे असलेले दोन शाम्पू सारखेच गुणकारी ठरतील असे नाही. लेबलवरची टक्केवारी बाटलीत किती आहे ते सांगते, टाळूवर किती उरले ते नाही. असा शाम्पू केसांच्या टोकांना नव्हे, टाळूला लावावा आणि सूचनेत दिलेली मिनिटे तसाच ठेवावा.

थर साचण्याचा त्रासही आहेच, विशेषतः विरळ, बारीक केसांना. केस चपटे, चिकट वाटू लागले, तर अधूनमधून हे पॉलिमर आणि सिलिकॉन नसलेला साधा शाम्पू वापरावा.