जुनी जीप घेताना: रंगाआधी चासी नंबर

बंगळूरमध्ये राहतो आणि जुन्या जीपांचं वेड आहे म्हटल्यावर लोक मला एकच विचारतात, "चांगला मेकॅनिक कोण?" मेकॅनिक मिळतो हो. जे. सी. रोडला सुटे भाग मिळतात, तिथे नाही मिळाले तर शिवाजीनगरच्या गुजरीत मिळतात. (होय, बंगळूरलाही शिवाजीनगर आहे.) मिळत नाही तो खरा कागद.

माझी पहिली जीप मी शहराबाहेरच्या एका शेडमधून घेतली. जुना 'एमवाय' नंबर, म्हणजे म्हैसूर राज्याच्या काळातला. ताजा हिरवा रंग, नवे टायर, बटण दाबताच इंजिन सुरू. एक लाख साठ हजार मोजले. नाव बदलायला गेलो तेव्हा चासी नंबरची पेन्सिलने छाप घेतली, आणि तिथे ग्राइंडर फिरवून नवे आकडे ठोकलेले दिसले. विकणाऱ्याचा फोन बंद. गाडी पोलिसांच्या ताब्यात गेली आणि दोन वर्षं मी जबाब देत फिरलो. त्या हिरव्या रंगाचा विषय घरात आजही निघतो.

म्हणून आता मी आधी गाडीखाली झोपतो. डॅशबोर्डजवळच्या पाटीवर विश्वास ठेवू नका, दोन स्क्रू काढले की पाटी बदलते. चासीच्या लोखंडावर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने साफ करा, छाप घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आरसी दाखवणाऱ्याच्याच नावावर आहे का तेही बघा. जुनी नोंद अजून कागदी रजिस्टरमध्येच असेल, तर ती ऑनलाइन चढवून घ्यायचं काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या, पैसे त्यानंतर. आणि कोल्हापूरची जीप बंगळूरला आणणार असाल, तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं, इथे आल्यावर कर्नाटकचा कर भरावा लागतो.

दुसरी गोष्ट इंजिनाची. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे आली ती उंच नाकाची सीजे-3बी. तिच्या 'हरिकेन' इंजिनात आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर डोक्यात आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं, म्हणून बोनेट उंच. पेट्रोल महागलं तशी कितीतरी जणांनी ही इंजिनं काढून डिझेल बसवली. चालवायला सोयीचं होतं, दोष देत नाही. पण 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. रोज चालवायची असेल, तर साध्या आरसीचं नूतनीकरण बरं. त्यातही आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल असेल, तर हात जोडून परत या.

पत्र्यासाठी खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, नुसतं पुट्टीचं लिंपण आहे. पायाखालची चटई उचला, सीटखालचा हत्यारांचा कप्पा उघडा. किनाऱ्यावरची गाडी असेल तर दुप्पट वेळ घ्या, खारी हवा आतून खाते.

फोर-व्हील मातीवरच तपासा. या जीपांत पुढच्या आणि मागच्या आसाच्या मधे डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. मातीत चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर सुटत नाही, गिअर जखडतात. मालक डांबरावर फोर-व्हील टाकून "बघा काय ताकद!" म्हणाला, तर त्याने वर्षानुवर्षं काय केलंय ते समजून घ्या.

कामाचा क्रमही बहुतेकांचा उलटा असतो: आधी रंग, मग बाकीचं. माझी दुसरी जीप मी पूर्ण उघडली, प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून डब्यात. आधी चासी आणि पाटे, मग ब्रेक. जुन्या जीपला चारही चाकांची एकच ब्रेक लाइन असते; एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. म्हणून नळ्या, रबर, सिलिंडर सगळं नवं घातलं, तिथे काटकसर केली नाही. त्यानंतर इंजिन, मग टिंकरचं काम, रंग सगळ्यात शेवटी.

पाच महिने धरले होते, एकोणीस लागले. वायपर अजून हातानेच फिरवतो. आरसी मात्र माझ्या नावावर आहे, आणि चासीवरचा नंबर तोच आहे.