दुडदुडत्या पावलांची तालीम

दीड-दोन वर्षांचे मूल घेऊन आईबापांनी तालमीत जायचे, हे ऐकून हसू येईल. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७६ साली असे वर्ग निघाले. आता आपल्या शहरांतही आहेत. तिथे मऊ गाद्यांवर लोळायचे, उतरणीवर चढायचे, कापडी बोगद्यातून रांगायचे. पहिल्या दिवशी पोर बहुधा मांडीवरून उतरतच नाही. ओढू नका. आधी तुम्हीच रांगा, ते बघेल, मग येईल. (फी भरली हे त्याला ठाऊक नसते!)

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयाला दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटे हालचाल हवी असे सांगितले. वर्ग तर आठवड्यातून एखादा तास. बाकी गोधडीची घडी, उंबरा, ओट्याची पायरी यांवरच भागते. मूल चढू लागले की ‘पडशील’ म्हणून उचलू नका. हात जवळ धरून बसा.