उलटलेला कर्करोग आणि औषधचाचणी : शब्दार्थ व संमती

मराठीत दुखणे बरे होते, हटते, आणि कधी कधी उलटते. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला की घरातील वडीलधारी माणसे ‘ताप उलटला’ असे म्हणतात. औषधाचा काहीच गुण न आल्यास मात्र ते ‘दुखणे औषधाला दाद देत नाही’ असे म्हणतात. व्यवहारातील भाषेने सहज केलेला हा भेद कर्करोगाच्या चिकित्सेत फार महत्त्वाचा ठरतो. उपचाराने नाहीसा झालेला कर्करोग काही काळाने पुन्हा उद्भवणे ही एक अवस्था होय, व तो उपचाराला मुळातच वश न होणे ही दुसरी. नव्या औषधाच्या चाचणीत कोणास घ्यावे याचे नियम ठरविताना शास्त्रज्ञ या दोन अवस्थांचा वेगवेगळा विचार करतात. म्हणून रुग्णाच्या कागदपत्रांत यांपैकी कोणती अवस्था नोंदली आहे, हे त्याने व त्याच्या आप्तांनी नीट समजून घेतले पाहिजे.

अशा रुग्णासमोर रूढ उपचारांचे मार्ग थोडे उरतात आणि त्याच वेळी ‘चाचणी’ हा शब्द त्याच्या कानी पडतो. या शब्दाचा मराठीतील इतिहास येथे अडचण निर्माण करतो. रक्ताची चाचणी होते, शाळेत मुलांची चाचणी होते. दोन्ही ठिकाणी जो समोर बसला आहे त्याचीच परीक्षा घेतली जाते. त्यामुळे ‘तुम्हांला चाचणीत घेऊ’ या वाक्याचा अर्थ ‘तुमची तपासणी करू’ असा घेतला जाण्याचा संभव मोठा असतो. वस्तुतः येथे परीक्षा असते ती औषधाची, आणि रुग्ण त्या परीक्षेत साहाय्य करीत असतो. याउलट ‘प्रयोग’ हा शब्द वापरल्यास ‘आमच्यावर प्रयोग करणार’ ही भीती जागी होते. पहिला शब्द धोका झाकतो, दुसरा तो वाढवून दाखवितो. ‘औषधाची चाचणी’ असे पूर्ण पद वापरले तर परीक्षा कोणाची, हे निदान षष्ठीच्या प्रत्ययाने तरी स्पष्ट होते.

औषधाची ही परीक्षा टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात मुख्यतः मात्रा किती द्यावी व ती कितपत निर्धोक आहे हे पाहतात. दुसऱ्यात विशिष्ट रोगावर तिचा गुण येतो काय हे तपासतात. तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी तिची तुलना करतात. या क्रमाचे जवळचे उदाहरण मुंबईत घडले. रुग्णाच्याच रक्तातील ‘टी’ पेशी काढून घ्यावयाच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकरचनेत बदल करून कर्कपेशी ओळखण्याची शक्ती त्यांना द्यावयाची आणि त्या पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडावयाच्या, अशी ही पद्धती होय. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने ती भारतात विकसित झाली. खारघर येथील केंद्रात २०२१ च्या जून महिन्यात पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला, आणि पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांतील चाचण्यांनंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास शासकीय मान्यता मिळाली. उलटलेल्या किंवा दाद न देणाऱ्या काही रक्तकर्करोगांसाठी व लसिकाग्रंथींच्या कर्करोगांसाठी तो आहे. आज तो मान्यताप्राप्त उपचार आहे. २०२१ साली मात्र तो स्वीकारणाऱ्यांना त्याचा परिणाम कोणीही खात्रीपूर्वक सांगू शकत नव्हते.

तिसऱ्या टप्प्यात आणखी एक कल्पना येते व ती समजावून देणे सर्वांत कठीण जाते. कोणत्या रुग्णास कोणता उपचार मिळावा हे येथे वैद्य ठरवीत नाही, रुग्णही ठरवीत नाही. ते केवळ योगायोगावर सोपविलेले असते. परिभाषेतील ‘यादृच्छिक’ हा शब्द सामान्य रुग्णास अपरिचित आहे. ‘चिठ्ठ्या टाकून ठरवितात’ असे म्हटले की कल्पना तत्काळ कळते, परंतु ‘औषध नशिबावर सोडले’ असा रोषही त्यातून उमटू शकतो. म्हणून चिठ्ठ्या का टाकतात हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. नवे औषध जुन्यापेक्षा चांगले आहे की नाही हे अद्याप कोणासही ठाऊक नसते. प्रकृतीने बऱ्या रुग्णांस एक व दुबळ्यांस दुसरे औषध दिले, तर फरक औषधाचा की प्रकृतीचा हे कळणार नाही.

टाटा स्मारक रुग्णालयातील एका चाचणीवरून हे स्पष्ट होईल. डोके व मान या भागांतील, पुन्हा उद्भवलेल्या अथवा फार वाढलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण तीत होते. चिठ्ठीने त्यांचे ७५ व ७६ असे दोन गट पाडले गेले. दोन्ही गटांस अल्प मात्रेतील तीन औषधे तोंडाने दिली जात. दुसऱ्या गटास त्यांखेरीज निव्होलुमॅब हे महागडे औषध दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे रूढ मात्रेच्या एका लहानशा अंशाएवढे, मिळे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्यात ४३.४ टक्के होते. पहिल्या गटातील रुग्णांना फसविले गेले नव्हते; त्या वेळी त्यांना मिळाला तोही उपचारच होता. पण दुसरा उपचार अधिक चांगला आहे हे कळले ते दोन्ही गटांच्या सहभागामुळे. कर्करोगाच्या चाचण्यांत अशी तुलना बहुधा प्रचलित उपचाराशीच होते. परिणामकारक उपचार उपलब्ध असताना रुग्णास केवळ औषधरहित गोळीवर ठेवणे नीतीस धरून नाही.

असे असूनही, चाचणीत जे जे केले जाते ते आपल्या एकट्याच्या हितासाठीच योजलेले आहे, असा रुग्णाचा समज होतो. अमेरिकेतील अॅपलबाम, रॉथ व लिड्झ या संशोधकांनी १९८२ साली या गैरसमजाकडे लक्ष वेधले. चाचणीचा हेतू पुढील सर्व रुग्णांसाठी ज्ञान मिळविणे हा असतो. सहभागी रुग्णास तिचा लाभ होईल किंवा होणारही नाही. हे उघडपणे सांगितल्याने आशा मावळत नाही. ती योग्य जागी राहते.

चाचणी शोधावी कोठे, हा यानंतरचा प्रश्न. भारतात होणाऱ्या चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जुलै २००७ मध्ये सुरू केली. १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकाच्या परवानगीने होणाऱ्या चाचण्यांची तीत नोंद करणे अनिवार्य झाले. ही नोंदवही संगणकावर कोणासही विनामूल्य पाहता येते. प्रत्येक नोंदीत रोगाचे नाव, टप्पा, चाचणीची ठिकाणे, पात्रतेच्या व अपात्रतेच्या अटी, रुग्ण घेणे चालू आहे की बंद झाले आहे ती स्थिती आणि विचारणा करण्यासाठी संबंधित व्यक्तीचा पत्ता असतो. चाचणीस दोन शीर्षके देतात, एक शास्त्रीय व दुसरे सर्वसाधारण जनतेसाठी. परंतु जनतेसाठी असलेले शीर्षकही इंग्रजीतच असते. म्हणून मराठी रुग्णास येथे दुभाष्या लागतो. तो घरातील शिकलेला मुलगा असो वा मुलगी, त्याने रोगाचे नेमके इंग्रजी नाव ऊतिपरीक्षेच्या अहवालातून जसेच्या तसे उतरवून घ्यावे. ‘घशाचा कॅन्सर’ एवढ्या नावावर शोध लागत नाही.

नोंद सापडल्यावर अटी वाचाव्या लागतात. तेथे ‘उपचाराची फळी’ ही कल्पना वारंवार भेटते : पहिल्या फळीतील औषधे निकामी ठरल्यावर दुसरी फळी, नंतर तिसरी. पूर्वी किती फळ्या झाल्या यावर पात्रता अवलंबून असते. रुग्णाच्या हिंडण्याफिरण्याच्या शक्तीचे ० ते ५ असे मापन असते. ० म्हणजे पूर्ववत सर्व व्यवहार करणारा, ४ म्हणजे पूर्णपणे अंथरुणास खिळलेला आणि ५ म्हणजे मृत. अनेक चाचण्या ० किंवा १ एवढ्याच अंकांचे रुग्ण घेतात. तसेच आधीच्या औषधानंतर ठरावीक दिवस जावे लागतात. मधल्या काळात दुसरे औषध सुरू केल्यास, मग ते झाडपाल्याचे का असेना, पात्रता जाण्याचा संभव असतो. यास्तव नवा उपचार सुरू होण्यापूर्वीच चाचणीविषयी वैद्यास विचारणे श्रेयस्कर. सर्व उपचारांची तारीखवार यादी, ऊतिपरीक्षेचे अहवाल व अलीकडील चित्रण ही कागदपत्रे जवळ असावीत. रोग उलटल्यानंतर कर्कपेशींचे गुणधर्म बदललेले असू शकतात, म्हणून ऊतिपरीक्षा पुन्हा करण्यास सांगितल्यास त्यात वावगे काही नाही.

शेवटची पायरी संमतीची. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार रुग्णास समजेल अशा, पारिभाषिक नसलेल्या भाषेत माहिती देणे बंधनकारक आहे. ज्यास वाचता येत नाही त्याच्या बाबतीत संपूर्ण संभाषणास तटस्थ साक्षीदार हजर असावा लागतो. माहितीपत्रक व सहीच्या कागदाची प्रत रुग्णास मिळते. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचाराची व भरपाईची तरतूद आहे. त्या भरपाईसाठीच संमतिपत्रात नामनिर्देशित व्यक्तीचे नाव विचारतात. हे न सांगता ‘वारसाचे नाव लिहा’ एवढेच म्हटले, तर रुग्णाच्या मनात नको ती शंका येते. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा अधिकार त्यास आहे, आणि तसे केल्याने त्याच्या नेहमीच्या उपचारास बाधा येऊ नये असा नियम आहे. वैद्यकीय नीतीविषयीच्या १९६४ च्या हेलसिंकी घोषणेत २०२४ साली सुधारणा झाली, तेव्हा अशा माणसांसाठी वापरला जाणारा ‘विषय’ या अर्थाचा शब्द जाऊन ‘सहभागी’ या अर्थाचा शब्द आला. मराठीने तर आरंभापासूनच ‘सहभागी’ म्हणावे.

सही करण्यापूर्वी रुग्णाने काही प्रश्न आपल्या बोलीत विचारावेत. ही औषधाची कितवी पायरी? चिठ्ठ्या आहेत काय? त्रास कोणता होऊ शकतो? येण्याजाण्याचा व तपासण्यांचा खर्च कोणाकडे? यात न गेल्यास माझ्यासाठी दुसरे काय आहे? उत्तरे मिळाल्यावर ती त्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगून पाहावीत. सांगता आली तर संमती झाली. न आली तर कागदावर केवळ सही झाली. समजून दिलेला नकारही तितकाच ग्राह्य होय, आणि वेदनाशमनाचा मार्ग नकारानंतरही खुला असतो. उलटलेल्या रोगाशी झगडणाऱ्या माणसाकडे वेळ थोडा असतो. तो शब्दांच्या घोटाळ्यात जाऊ नये, एवढी दक्षता वैद्यांनी व भाषेच्या अभ्यासकांनी मिळून घ्यावयास हवी.