किल्लारीनंतरची बोलणी

30 सप्टेंबर 2023 रोजी किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा उजाळा मिळाला तो मुख्यतः ढिगाऱ्यांच्या आणि मदतीच्या ओघाच्या आठवणींना. उद्ध्वस्त गावांशी कोण, किती आणि कसे बोलले, हा प्रश्न बाजूलाच राहिला, ही खेदाची गोष्ट आहे. 1961 चा पानशेतचा पूर असो वा 1967 चा कोयनेचा भूकंप, शासनाने द्यावे आणि आपद्ग्रस्तांनी घ्यावे यापलीकडचे नाते त्या काळी फारसे कल्पिले गेले नव्हते.

1993 च्या त्या पहाटे, गणपती विसर्जनाहून परतून झोपलेली हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेल्या छपराखाली, गाडली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1994 मध्ये आखलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. तेथे गावकऱ्यांच्या बैठका झाल्या खऱ्या, पण पुष्कळ ठिकाणी आराखड्याचा सांगाडा आधीच ठरलेला होता. त्यामुळे शहरी वसाहतीसारखे सरळ रस्ते आले, भावकीच्या गल्ल्या विखुरल्या आणि कडबा कोठे रचावा, जनावरे कोठे बांधावीत, हे प्रश्न घर ताब्यात आल्यावर पुढे ठाकले. ज्यांना ते घर जन्मभर वापरायचे होते त्यांना आधी विचारले न जाणे, हा त्या पुनर्वसनावरचा डाग आहे.

याच्या उलट अनुभव दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या योजनेत आला. पडझड झालेली घरे जागच्या जागी भक्कम करण्याची ही योजना प्रारंभी रखडली, कारण शेजारच्या गावाला नवे घर आणि आपल्याला डागडुजी, ही भावना तीव्र होती आणि दगडी भिंतीची धास्ती तर इतकी होती की लोक पत्र्याच्या शेडमध्ये झोपणे पसंत करीत. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने, गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. संवाद सहायक म्हणजे अभियंता आणि घरमालक यांच्यात दुवा साधणारी त्याच गावची रहिवासी. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट का भरायचे, छपरावरची माती का उतरवायची, हप्ता कशासाठी अडला, हे ती उंबऱ्याशी बसून समजावी, आणि तिचे बोलणे खोटे ठरले तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिलाच जाब द्यावा लागे. विश्वास बसला तो या उत्तरदायित्वामुळे, पत्रकांमुळे नव्हे.

2001 मध्ये कच्छ हादरले, तेव्हा या भागातील स्त्रिया तेथील स्त्रियांशी बोलण्यास गेल्या. आपद्ग्रस्तच दुसऱ्या आपद्ग्रस्ताचा मार्गदर्शक होतो, हे त्या दशकाचे सर्वांत मोठे संचित होय. प्रेमा गोपालन 2022 मध्ये निवर्तल्या. संवाद सहायकाला मात्र शासनाच्या कायम रचनेत जागा मिळाली नाही. आज ‘लोकसहभाग’ हा शब्द प्रत्येक प्रस्तावात असतो आणि त्याखाली बैठकीची तारीख, उपस्थितांच्या सह्या व छायाचित्र जोडले की रकाना भरतो. पंचनाम्यात नाव का वगळले गेले, हे पुरात घर गमावलेल्या बाईने विचारावे असे तिच्या गल्लीतले कोणीही त्या रकान्यात नसते.