ऑफसेटकडून कर्सरकडे : संदेशांच्या एपीआयमधील पानांचा मागोवा

वेबवरील संदेशसेवेकडे जुने संभाषण मागितले, तर तिचा एपीआय, म्हणजे इतर ॲप्सनी तिच्याकडे मागणी करण्याचा मार्ग, ते सगळे एकदम देत नाही. एका मागणीला ठरावीक संख्येइतकेच संदेश मिळतात, उरलेल्यांसाठी पुन्हा मागावे लागते. ही लिमिट सर्व्हरवरचा भार आवरण्यासाठी आली. पुढचे पान, म्हणजे संदेशांचा पुढचा गट, नेमके कुठून सुरू करायचे, हे ठरायला मात्र जास्त वेळ लागला.

पहिली पद्धत डेटाबेसमधून उचललेली होती : इतके संदेश वगळा, पुढचे वीस द्या. तिला ऑफसेट म्हणतात. न बदलणाऱ्या यादीला ती पुरते, संदेशांना पुरत नाही. समजा, बीड जिल्ह्यातील कापसाच्या भावांच्या एखाद्या गटाचे ताजे वीस संदेश कोणी उघडले. ते वाचून होईपर्यंत माजलगाव, गेवराई आणि परळीहून तीन नवे भाव येऊन पडले. आता ‘वीस वगळा’ म्हटले, की आधी वाचलेले शेवटचे तीन संदेश दुसऱ्या पानावर पुन्हा येतात. मधल्या वेळात वरचे तीन पुसले गेले असतील, तर तीन संदेश न दिसताच निसटतात. हे दुसरे जास्त वाईट, कारण वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पाटोदा-आष्टीच्या डोंगरपट्ट्यात मध्येच रेंज गेली, तर दोन मागण्यांमधला वेळ वाढतो आणि घोळही वाढतो.

यावरचा उपाय म्हणजे जागा मोजणे सोडून खूण धरणे. शेवटी पाहिलेल्या संदेशाचा आयडी सांगायचा आणि त्याच्या आधीचे किंवा नंतरचे संदेश मागायचे. एक्सएमपीपी या खुल्या संदेशप्रणालीच्या २००६ मधील एका विस्तारात ही सोय आहे. ट्विटरच्या एपीआयमध्येही ती आली. तिथे एका मागणीला २०० आणि मागे जात जात एका खात्याचे ३२०० ट्वीट मिळत. २०१० मध्ये ट्विटरने स्नोफ्लेक हा ६४ बिटांचा आयडी आणला. त्यातच वेळ गुंफलेली असल्याने आयडीवरून संदेशांचा क्रम लागतो. डिस्कॉर्ड या संदेशसेवेने हीच रचना घेतली. तिथे एका मागणीला संख्या न सांगितल्यास ५०, जास्तीत जास्त १०० संदेश मिळतात.

दुबळ्या नेटवर्कवर या पद्धतीचे मोल सर्वांत जास्त. ऊसतोडीला फडावर गेलेल्या मजुराचा फोन दिवसभर बंद असला, तरी शेवटचा आयडी फोनमध्येच राहतो. रात्री फोन सुरू झाला, की ॲपला तिथून पुढचेच संदेश मागता येतात. अर्थात, सर्व्हरने ते जपून ठेवलेले हवेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या टेलिग्रामच्या बॉट एपीआयमध्ये एका वेळी १०० नोंदी मिळतात, पण न उचललेली नोंद २४ तासांपलीकडे राहत नाही.

स्लॅक या संदेशसेवेने तर ही खूणच झाकली. सर्व्हर कर्सर म्हणून एक अक्षरमालिका देतो आणि ॲपने ती तशीच परत करायची. आत काय आहे याच्याशी ॲपला देणेघेणे नसते. त्यामुळे आतली रचना बदलली, तरी बाहेरची ॲप्स मोडत नाहीत. मे २०२५ मध्ये स्लॅकने आपल्या मार्केटप्लेसबाहेर वाटल्या जाणाऱ्या नव्या व्यावसायिक ॲप्सना मिनिटाला एकच मागणी आणि तीत १५ संदेश, असे बंधन घातले. एरवी तिथे एका मागणीला ९९९ संदेश मागता येतात. भार आवरण्यासाठी आलेली लिमिट इथे संदेशांचे साठे बाहेर नेण्याला आळा घालण्यासाठी वापरली गेली.