वास गेला, औषध राहिलं

पेस्ट कंट्रोलवाला पंप उचलता उचलता ठरलेलं वाक्य टाकतो: दोन-तीन तास घर बंद ठेवा, मग खिडक्या उघडा, वास गेला की झालं. पण तो वास बहुतेकदा औषध ज्यात कालवलेलं असतं त्या द्रावकाचा. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशी झुरळांवरची नेहमीची रसायनं सहजी उडून जात नाहीत.

शेतात फवारलेलं औषध ऊन, पाऊस आणि मातीतले जिवाणू हळूहळू मोडून काढतात. पलंगाखाली यांपैकी कोण पोहोचणार?

काही औषधं तर घरातल्या घरात मुक्काम हलवतात. क्लोरपायरिफॉस हे त्यांतलं गाजलेलं नाव. न्यू जर्सीतल्या संशोधकांनी दोन फ्लॅटमध्ये ते फवारलं आणि त्यानंतर तिथे खेळणी आणून ठेवली. खेळण्यांवर थेंबही उडाला नव्हता. तरी फरशीवरून हवेत गेलेलं रसायन त्यांच्यावर बसत गेलं, आणि हे निदान दोन आठवडे चाललं. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. रांगणारं मूल खेळणं आधी तोंडात घालतं, म्हणून त्याची दखल घेणं भाग होतं. २००० साली अमेरिकेत या औषधाचा घरगुती वापर थांबवण्याचा करार झाला. पुढे न्यू यॉर्कमधल्या नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तातलं त्याचं प्रमाणही घसरलं. आपल्याकडे वाळवीसाठी ते आजही वापरलं जातं.

२००५-०६ मध्ये अमेरिकेतल्या घरांत स्वयंपाकघराच्या फरशा पुसून तपासल्या, तेव्हा ७८ टक्के घरांत क्लोरपायरिफॉस सापडलं. ४२ टक्के घरांत चक्क डीडीटी होतं, ज्यावर तिथे १९७२ सालीच बंदी आली होती! अर्थात, अंश सापडला म्हणजे विषबाधा झाली असं नाही. प्रमाण फार थोडं असू शकतं. पण ‘उडून गेलं’ हा समज मात्र टिकत नाही.

त्यामुळे खरा प्रश्न फवारल्यानंतर पंखा किती वेळ लावायचा हा नाही. मुळात फवारायचं का, हा आहे. झुरळांसाठी ट्रॉलीच्या बिजागरीशी, सिंकखालच्या फटीत जेलचे ठिपके लावले की औषध तिथल्या तिथे राहतं. फवारणी टळतच नसेल तर गाद्या, खेळणी, भांडी आधी बाहेर काढावीत. नंतर झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणं बरं, मात्र जिथे औषध मुद्दाम मारलंय त्या फटी सोडून.

घरात माशांची टाकी असेल तर ती दुसरीकडे हलवावी. जमत नसेल तर झाकून तिचा हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवावा: तो खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो, आणि सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना अगदी किंचित प्रमाणातही मारतात.